उभा बांध, आडवी माती

गेल्या वर्षीची अक्षय तृतीया, सकाळचे दहा. ठरलेली रक्कम बारा हजार रुपये; त्यातले सहा हजार त्याच दिवशी आणि उरलेले सहा हजार पीक घरात आल्यावर. हजर माणसे पाच: मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आमच्याबरोबर शहरातून आलेली, माती तपासण्याचा व्यवसाय करणारी तिशीतली एक कृषी पदवीधर बाई. जागा पिशोरच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावातल्या घराची ओसरी. काम असे, की आमच्या आठ एकर वावराची माती एकसारखी धरायची नाही. जागोजागची तपासून तिचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागाला त्याला झेपेल ते पीक, खत आणि पाणी द्यायचे.

मी वाळूजला सुट्या भागांच्या एका कारखान्यात कॉस्टिंगचे काम करतो. कोणत्या नगाला किती खर्च आला हे सांगणे हा माझा धंदा. राहतो सिडकोत. शेती धाकटा भाऊ आणि भावजय करतात. वडिलांच्या पश्चात चार एकर माझ्या नावावर आहेत, चार त्याच्या. माझे चार एकरही तोच कसतो. बियाणे-खत निम्मे-निम्मे आणि माझ्या वाट्यातल्या उत्पन्नाचेही निम्मे-निम्मे. या व्यवहारावरून आमच्यात कधी आवाज चढलेला नाही. त्याचे श्रेय मी आमच्या स्वभावाला देत नाही, वडिलांनी करून ठेवलेल्या वाटणीला देतो.

आमचे वावर टेकडीपासून नाल्यापर्यंत उतरत जाते. वर मुरूम, मध्ये हलकी तांबूस-काळी माती, खाली नाल्याकाठी भारी काळी. अशा जमिनीची आडवी वाटणी आमच्याकडे कोणी करत नाही. ज्याच्या वाट्याला वरचा मुरूम येईल तो जन्मभर बोल लावील. म्हणून काकडी उभी चिरावी तशी जमीन उभी चिरतात. प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी मधली, थोडी काळी. वडिलांनी वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला दोर धरून रुंदी सारखी मोजली, एकशेवीस फूट याची, एकशेवीस फूट त्याची, आणि मध्ये दोघांचे तीन-तीन फूट घेऊन सहा फुटांचा बांध घातला. बांधावर एक लिंब वाढला. बांधाचे गवत भावाच्या जनावरांना.

तेव्हापासून दोन पट्टे म्हणजे दोन वावरे. कसणारा एकच असूनही भावाने कधी सरमिसळ केली नाही. माझ्या पट्ट्याचा ढीग वेगळा, त्याचा वेगळा. पेरणी उभी, सऱ्या उभ्या, ठिबकच्या नळ्याही वरून खाली उभ्या. मला हे फार आवडायचे. हिशोब बघताना शंका काढायला जागाच नसायची.

आणि या स्वच्छ हिशोबानेच आमची फसगत केली.

माती आम्ही पूर्वीही तपासली होती. सांगितलेल्या पद्धतीत काही कसूर नव्हती. माझ्या पट्ट्यात वरून खालपर्यंत नागमोडी चालत दहा ठिकाणची माती काढली, गोणपाटावर ओतली, हाताने सारखी केली. चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकले, उरलेल्याचे पुन्हा चार, असे करत अर्धा किलो उरवली आणि पिशवी बांधली. भावाच्या पट्ट्यातून दुसरी पिशवी. दोन्ही अहवाल जवळजवळ सारखे आले: मध्यम, मध्यम, मध्यम. वडिलांनी वाटणी किती बरोबर केली याचा हा पुरावाच आहे असे मी भावाला फोनवर सांगितले. तोही खूश झाला. मध्यम मातीला अद्रक चांगली येते, म्हणून त्याने दोन्ही पट्ट्यांत मधल्या भागापासून नाल्यापर्यंत मिळून दीड एकर अद्रक लावली.

वरच्या टोकाची रोपे कोमेजलेली दिसली की तो ठिबक सोडायचा आणि ती ताजी होईपर्यंत चालू ठेवायचा. नळी एकच, म्हणून तेवढेच पाणी खालच्या काळ्या मातीतही पडायचे. ती आधीच ओल धरून बसलेली. श्रावण संपता संपता खालच्या बाजूची पाने पिवळी पडली आणि खोडे हातात येऊ लागली. उकरून बघितले तर कंद मऊ, वास येणारे. भाऊ बियाण्याला नावे ठेवू लागला, भावजय औषधाच्या दुकानदाराला, आणि मी शहरात बसून भावाच्या पाणी सोडण्याला. पुढच्या वर्षी औषध बदलले, दुकान बदलले. पुन्हा तसेच झाले.

त्या सुमारास कारखान्यात एका सुट्या भागाची नापास होण्याची टक्केवारी आम्ही महिनोन्महिने तपासत होतो. ती दर महिन्याला तेवढीच यायची. एकदा मशीनवार आकडे वेगळे काढले तेव्हा कळले, की एका मशीनवर जवळजवळ काही नापास होत नाही आणि दुसऱ्यावरच सगळे होते. सरासरी दोन्हींची होती, आणि खरी कोणाचीच नव्हती. हे माझ्या टेबलावर समजले, पण वावराशी त्याचा संबंध जोडायला मला ती माती तपासणारी बाई भेटावी लागली. आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात जेवताना ती शेजारी बसली होती. मी तिला सडलेल्या अद्रकीचे सांगितले.

तिने विचारले, "माती कुठली घेतली होती?"

"दोन्ही पट्ट्यांतली. प्रत्येकी दहा ठिकाणची."

"वरची, मधली, खालची एकत्र?"

"हो. नीट मिसळून."

तिने जिलेबीचा तुकडा खाली ठेवला. "काका, तुम्ही ज्या मातीचा अहवाल घेतला ती माती तुमच्या वावरात कुठेच नाही."

म्हणून ती अक्षय तृतीया.

ओसरीवरच्या बोलण्यात एक अडचण होती, ती आधी सांगितली पाहिजे. भावजय माझ्याशी थेट बोलत नाही. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरांत भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत. ती गावातल्या बचत गटात हिशोब मागते, बाजारात व्यापाऱ्याशी भांडते, पण माझ्यासमोर पदर पुढे ओढून माझ्या बायकोला सांगते. माझ्या बायकोला ती बाई म्हणते. मी चार हातांवर बसलेलो असतो आणि सगळे ऐकत असतो. ती थांबली की माझी बायको तेच मला पुन्हा सांगते.

माती तपासणाऱ्या बाईने समजावले, की विभाग उतारावर आडवे असतात, म्हणून पेरणी, खत आणि पाणी आडवे जायला हवे. मधला बांध काढला तर फार सोपे होईल.

भावजय म्हणाली, "बाई, त्यांना म्हणावं माती खुशाल तपासा. पैसे लागले तर देऊ. पण बांधाला हात लावायचा नाय."

बायको माझ्याकडे वळली. "ती म्हणते..."

"ऐकलं मी. का नाही ते विचार."

"का म्हणून काय विचारता?" हे भावजय माझ्या बायकोलाच म्हणाली, पण आवाज माझ्यापर्यंत यावा एवढा ठेवून. "माझ्या माहेरी चुलत्यानं असाच बांध मोडला. म्हणला, एकत्र नांगरू, डिझेल वाचंल. दोन वर्षांनी हद्द दावा म्हणलं तर हातभर इकडं दावतोय. माझा बाप मरंपर्यंत मोजण्या करत होता. यांना पगार हाय. आमचं सगळं ह्या चार एकरात हाय."

भाऊ म्हणाला, "अगं, दादा काय चुलता हाय का?"

"दादा नाय. पण दादाची पोरं हायेत. त्यांनी तर आपला बांध नीट बघितला बी नाय."

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, मुलगा शेवटच्या वर्षाला आहे. दोघे वावरात येतात ते हुरड्याला. मी म्हटले, बांध राहील. बारा हजारांचे असे ठरले: पहिले सहा हजार मी भरायचे. वर्षाअखेर फायदा दिसला तर उरलेले सहा भाऊ-भावजयीने द्यायचे, नाही दिसला तर तेही मीच. मी निर्धास्त होतो. हरायची भीती असलेली पैज मी लावत नाही.

त्याच आठवड्यात खोलवरची माती काढायचे गिरमिट घेऊन मोजमाप झाले. एकरी तीन याप्रमाणे चोवीस ठिकाणे, प्रत्येक ठिकाणची पिशवी वेगळी. वर वीतभर खाली गेले की गिरमिट खडखडून थांबायचे. मध्ये हात-दीड हात जायचे. नाल्याकाठी पात्याचा दांडा पुरा आत गेला तरी काळी मातीच वर यायची. मला लहानपणापासून हे वावर पाठ होते, पण ते वरून पाठ होते. खाली किती आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

पंधरा दिवसांनी माती तपासणारी बाई नकाशा घेऊन आली. आधी तिनेच विचारले, "वरच्या मुरमाडात एका ठिकाणी स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब बाकीच्यांपेक्षा फार जास्त आहे. मला वाटलं पिशव्या बदलल्या, म्हणून पुन्हा तपासलं. तेच आलं. इथं काय होतं?"

भावजय माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, सांगा त्यांला, तिथं उन्हाळ्यात जनावरं बसवायची. सासरे होते तवाची आखर हाय ती. मिरच्या लावल्या तर वाकून जातेत."

"मग बरोबर आहे," माती तपासणारी म्हणाली, आणि त्या तुकड्याला नकाशावर वेगळी रेघ ओढली.

नकाशा ओसरीवर पसरला. चार कोपऱ्यांना चार पितळी वाट्या ठेवल्या. बांधाची उभी रेघ होती आणि मातीच्या दोन आडव्या. पण त्या आडव्या रेघा सरळ नव्हत्या. मुरूम भावाच्या बाजूला खाली उतरून आला होता आणि माझ्या बाजूला लवकर संपला होता. खाली आकडे होते. वरचा मुरूम नव्वद गुंठे: माझ्याकडे तीस, भावाकडे साठ. मधली माती एकशेचाळीस: माझ्याकडे ऐंशी, भावाकडे साठ. खालची काळी नव्वद: माझ्याकडे पन्नास, भावाकडे चाळीस. बेरीज दोन्हीकडे एकशेसाठ गुंठे, म्हणजे बरोबर चार एकर.

वडिलांचा दोर चुकला नव्हता. माती तिरकी होती.

भाऊ आकडे बोटाने मोजत होता, जणू पुन्हा मोजल्यावर बदलतील. मग भावजय म्हणाली, "बाई, म्हणजे बरड आमच्याकडं दुप्पट, व्हय?"

माझी बायको माझ्याकडे बघत होती. या वेळी तिने काही पुढे पोचवले नाही.

मी म्हटले, "दुप्पट. नकाशात आहे ते आहे."

परतीच्या वाटेवर गाडीत बायकोने विचारले, "आता?" रविवार होता. वेरूळपासून पुढे सहलीच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ होता.

"वडिलांनी प्रत्येक मातीचं निम्मं-निम्मं द्यायचं ठरवलं होतं. तसं करायचं."

"म्हणजे जमीन बदलायची?"

"जमीन नको. सातबारा आहे तसा राहू दे. उत्पन्न वाटताना प्रत्येक विभागाचं निम्मं माझ्या पट्ट्याचं, निम्मं त्याच्या पट्ट्याचं धरायचं."

"तुझं किती जाईल?"

"मधल्या मातीचे दहा गुंठे आणि खालच्याचे पाच. मुरमाचे पंधरा वाढतील. अद्रकीचा भाव बघून वर्षाला दहा-वीस हजार."

"दहा आणि वीस यात दुपटीचा फरक आहे," ती म्हणाली. माझ्याबरोबर राहून तिलाही सवय लागली आहे. मग खुलताबादच्या चढावर तिने एवढेच विचारले, की आपण हे कधी सांगायचे. मी म्हटले, आधी पीक येऊ दे. पीक यायच्या आधीचे औदार्य म्हणजे नुसते बोलणे.

हंगाम सुरू झाला. वर तूर आणि बाजरी, शेणखत सगळे तिकडे, आणि युरिया एकदम न देता तीन हप्त्यांत. मध्ये एक एकर अद्रक, बाकी मका. खाली कपाशी, तिथे पालाश मुळातच भरपूर, म्हणून त्याची एकही गोणी नाही. नाल्याच्या कडेने पाणी काढायला चर. ठिबकच्या नळ्या आडव्या, प्रत्येक विभागाला वेगळा कॉक. पेरणी आडवी, म्हणजे ट्रॅक्टर दर एकशेवीस फुटांवर बांधाला अडणार आणि वळणार. ट्रॅक्टरवाला आमच्याच गावचा, तोंडाचा मोकळा.

"भाऊ," तो माझ्या भावाला म्हणाला, "वळून वळून माझी मान मोडली. वावर नांगरू राहिलो का तुमच्या बांधाला प्रदक्षिणा घालू राहिलो?"

"घाल. पुण्य लागंल."

"पुण्य नको, डिझेल लावा."

डिझेल जास्त लागले, हे खरे. मी ते फायद्यातून वजा धरले आहे.

ढीग दोनाचे सहा झाले. वरचा, मधला, खालचा, आणि प्रत्येकाचे दोन. मी प्रत्येक ढिगाला वेगळ्या रंगाच्या सुतळीने गोण्या शिवायला सांगितले, तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, आता ढिगांची रेशनकार्डं बी काढून टाका." पण त्याने शिवल्या. कोणत्या ढिगाला किती खत, किती पाणी, हे त्याला आता माझ्याआधी सांगता येत होते.

भाद्रपदात एका दुपारी बायकोचा फोन वाजला. भावजय होती. बायकोने आवाज मोठा करून फोन डायनिंग टेबलावर ठेवला. मी समोर जेवत होतो, हे पलीकडे ठाऊक असावे.

"बाई, काल लई पाऊस झाला. मी सकाळी बांधावर गेलते. बांधाच्या दोन्ही अंगानं पाणी पळतंय. वरची माती घेऊन पळतंय. गुडघाभर घळ पडली. वावरात आडव्या सऱ्या हायेत तिथं पाणी थांबलंय, मुरलंय. बांधाच्या कडंला तेवढं थांबत नाय. उतारावर उभा हाय ना त्यो. आपणच पाण्याला रस्ता करून दिला."

"मग काय म्हणतेस?" बायकोने विचारले.

"काय नाय म्हणत. बघितलं ते सांगितलं."

आणि फोन ठेवला. बांध राहील असे मी म्हटले होते. तो विषय आता तिचा होता.

दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा मका आणि बाजरी घरात आली होती. कपाशीची पहिली वेचणी झाली होती. खताच्या बावीस गोण्या लागायच्या तिथे सतरा लागल्या होत्या. अद्रक जमिनीत होती, पण उकरून बघितलेल्या कंदांना नखाने दाबले तर करकरीत. फराळ झाल्यावर मी माझे म्हणणे मांडले: यापुढे प्रत्येक विभागाचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरायचे, बांधाच्या कुठल्या बाजूला किती आले ते बघायचे नाही.

भाऊ लगेच म्हणाला, "नको दादा. नशिबात आलं ते आलं."

"नशिबात नाही आलं. वडिलांच्या मनात दुसरं होतं. तिरकी माती त्यांना वरून दिसली नाही."

भावजय चुलीजवळून ओसरीच्या दाराशी आली. पदर होता, पण ती माझ्या बायकोकडे वळली नाही.

"दादा," ती म्हणाली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने मला मारलेली ती पहिली हाक. भावाने करंजी तोंडाशी धरूनच ठेवली.

"तुम्ही म्हणता ते बराबर हाय. तुमच्यावर शंका नाय. पण तुमचं बोलणं तुमच्यापाशी. पोरांसमोर बोला. आधी सरकारी मोजणी करा, वर-खाली-मध्ये हद्दीचे दगड रोवा. तुमची पोरं, माझी पोरं, सगळी उभी पाहिजेत. मग बांध मोडा. मीच म्हणते, मोडा."

"दगड कुठं?"

"मी सांगीन तिथं. आन् लिंब काढायचा नाय. जेवायला सावली कुठंय दुसरी?"

मी म्हटले, "मंजूर." मग ती पदर सारखा करून आत गेली, आणि आतून माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, त्यांना विचारा, अजून चिवडा देऊ का?"

मोजणीची फी मी भरली आणि पावती भावजयीकडे ठेवायला दिली. मोजणी माघात झाली, तूर निघाल्यावर. मुलगी पुण्याहून रजा काढून आली, मुलगा परीक्षेची कुरकुर करत आला. भावाची दोन्ही मुले होती. भूमापकाने खुणा दिल्या. भावाने पाच दगड रोवले. एक वर, एक नाल्याशी आणि तीन मध्ये, त्यातले दोन बरोबर माती बदलते तिथे. ते दोन कुठे हे भावजयीने नकाशा न बघता पायाने दाखवले.

माझी मुलगी नकाशा बघत होती. "काकू, तुमच्याकडं मुरूम एवढा जास्त का?"

"तुझ्या आज्याचा दोर सरळ होता म्हणून."

"मग हे तर बरोबर नाही."

"म्हणून तर तुझा बाप उत्पन्न निम्मं देतो म्हणतोय. तुला चालंल का? आत्ता सांग, नंतर नको."

मुलीने माझ्याकडे बघितले, भावाकडे बघितले. "चालेल."

"आन् तुला?" हे माझ्या मुलाला.

"मला काय, चालेल."

"काय चालंल ते सांग."

त्याला सांगावे लागले. वरचा विभाग, मधला, खालचा, प्रत्येकाचे निम्मे, हद्द दगडाची, बांध नसला तरी हद्द आहे. एकदा अडखळला तेव्हा भावजयीच्या धाकट्याने दुरुस्त केले. ती दगडाजवळ उभी राहून ऐकत होती, तोंडी परीक्षा घ्यावी तशी. मुलगा नंतर मला म्हणाला, कॉलेजची तोंडी याहून सोपी असते.

अद्रक फाल्गुनात काढली. मागल्या वर्षी दीड एकरातून विकण्याजोगी जेवढी निघाली होती, त्यापेक्षा या एका एकरातून नऊ क्विंटल जास्त निघाली. सड नव्हतीच असे नाही. दोन पाट्या निघाल्या, त्याही खालच्या रेघेला लागून. ती रेघ यंदा आम्ही हातभर वर सरकवली आहे. नकाशा एकदा काढला की संपला, असे नसते. मुरमातली तूर बेताची आली, पण घातलेला खर्च वजा जाऊन उरली. पूर्वी तिथून काही उरत नसे. जास्तीचे डिझेल, चर खणण्याची मजुरी, नवे कॉक, सगळे वजा धरूनही आकडा फायद्याचाच आहे. भावाने तो माझ्याआधी काढला होता. आमच्या दोघांच्या बेरजेत चाळीस रुपयांचा फरक आला. चूक माझी निघाली. सुतळी मी दोनदा धरली होती.

यंदाच्या अक्षय तृतीयेला जेसीबी आला. बांधाने अडवलेली जागा पुरी आठ गुंठे होती. वरून खाली बांध सपाट होत गेला आणि त्याची माती उताराला आडव्या तीन बुटक्या बांधांना लावली. लिंबाभोवती दहा हात जागा तशीच ठेवली. मग ट्रॅक्टरवाल्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनशे चाळीस फूट, न वळता पहिली फेरी मारली आणि पलीकडून ओरडला, "आता कसं! मान सरळ झाली."

भावजय लिंबाखाली उभी होती. जेसीबीवाल्याने तिच्याकडे बघून विचारले, "पैसे कोणाकडून घ्यायचे?"

"निम्मे दादांकडून, निम्मे माझ्याकडून," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून थेट विचारले, "किती झाले, दादा?"

जेसीबी तीन तास, तासाला तेराशेप्रमाणे तीन हजार नऊशे रुपये. एक हजार नऊशे पन्नास मी दिले, एक हजार नऊशे पन्नास तिने. माती तपासणाऱ्या बाईंचे उरलेले सहा हजार ठरल्याप्रमाणे भाऊ-भावजयीने द्यायचे होते. ते भावजयीने लिंबाखालीच आपल्या फोनवरून पाठवले आणि पोचल्याचा निरोप मला दाखवला. कोणाचे कोणाकडे काही राहिले नाही.